भाच्याकडे कबड्डीच्या मॅचची आतली खबर मागतायत, जीपेवर पैसे पण आलेत. काय करावं?

मिऱ्याबंदर

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे म्हणून नाव गाव गाळून लिहितोय, समजून घ्या.

माझा भाचा रत्नागिरी साइडला कॉलेजात आहे, एस.वाय.ला. कबड्डी खेळतो, चढाईला बरा आहे आणि लेफ्ट कॉर्नरला पण उभा राहतो. कॉलेजच्या टीममध्ये आहेच, शिवाय सीझनला गावोगावच्या स्पर्धांना जातो. दिवाळी झाली की आमच्याकडे दर शनिवार-रविवार कुठे ना कुठे मॅट पडलेलीच असते, आणि हल्ली वाडीतली स्पर्धा पण यूट्यूबवर लाइव्ह असते.

तर ह्यांच्याच कॉलेजचा एक जुना कॅप्टन आहे, आता पनवेलकडे असतो, पोरं दादा दादा करत त्याच्या मागे. त्याने पावसाळ्यात पोराला बूट घ्यायला ३,००० रुपये जीपे केले. आम्हाला वाटलं चांगला मुलगा आहे, ज्युनिअरची काळजी घेतो. मग प्रत्येक मॅचच्या आधी त्याचा मेसेज यायला लागला, आज सातमध्ये कोण कोण आहे, अमक्याचा गुडघा बरा झाला का, टॉस जिंकले तर काय घेणार. पोरगा सांगत गेला, त्यात काय एवढं. आता गेल्या आठवड्यात दादा म्हणतो की पुढची मॅच तुम्ही जिंकणारच आहात, जिंका, फक्त दहाच्या आत जिंका, तुझं मी बघतो.

पोराने मलाच सांगितलं, आईला नाही. आणि वर मला विचारतो, "मामा, आम्ही हरत तर नाही ना, मग फसवलं कुणाला?" खरं सांगतो, मला पटकन उत्तर देता आलं नाही.

हा गुन्हा होतो का? ताईला सांगू का? आणि कॉलेजच्या सरांना सांगावं तर सर आणि तो दादा एका ताटात जेवणारे.

सुपारीबाग

उगाच टेन्शन घेताय. कॉलेजच्या कबड्डीवर कोण सट्टा लावतोय हो? तिकडे आयपीएल पडलीय लावायला. दादाने चार मित्रांत पैज लावली असेल, शंभर-पाचशेची. पोराला सांगा खेळ आणि गप्प बस. बूट मिळाले ना.

देवरुखकर_जर्सी

सुपारीबाग, मॅच छोटी आहे म्हणूनच लावतात, तीच तर गोम आहे. मोठ्या खेळाडूला विकत घ्यायला करोडो लागतात, त्यात बोर्डाची अँटी करप्शनची माणसं हॉटेलात बसलेली. छोट्या मॅचला ३,००० चे बूट पुरतात. २०२२ मध्ये गुजरातला मेहसाणा जिल्ह्यात मोलीपूर गावात काय झालं आठवतं ना, शेत भाड्याने घेतलं, शेतमजूर पोरांना एका मॅचचे ४०० रुपये देऊन जर्सी घालून उभं केलं, हर्षा भोगलेसारखा आवाज काढणारा कॉमेंटेटर बसवला आणि यूट्यूबवर आयपीएल म्हणून दाखवून रशियातल्या लोकांकडून सट्टा घेतला. रशियात बसून मोलीपूरवर पैसे लावणारा माणूस जगात आहे, मग तुमची वाडी त्याला का वर्ज्य असेल. त्याला हलणारं चित्र आणि बदलणारा स्कोर पाहिजे, बस.

आता मिऱ्याबंदर, तुमच्या भाच्याचा प्रश्न. फार जुना प्रश्न आहे, मी इकडे अमेरिकेत राहतो म्हणून सांगतो, इकडच्या कॉलेजांची अब्रू ह्याच एका प्रश्नाने पंचाहत्तर वर्षं वेळोवेळी गेलीय. इकडे कॉलेजचं बास्केटबॉल म्हणजे केवढं प्रस्थ. सट्टा नुसता कोण जिंकणार ह्यावर नसतो, किती पॉइंटने जिंकणार ह्यावर असतो. समजा बुकी म्हणाला अमुक टीम १२ ने जिंकेल, तर लावणारा एकतर १२ च्या वर लावतो नाहीतर खाली. मग खेळाडूला कोणी हर असं म्हणतच नाही. म्हणतात, बाबा जिंक, आठाने जिंक. पॉइंट शेव्हिंग म्हणतात त्याला. पोराला वाटतं कॉलेज पण खूश, कप पण आला, खिसा पण गरम. फसला तो समोर पैसे लावणारा, आणि तो काय आपला मामा लागतो का (तुम्ही सोडून).

१९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने एकाच वर्षी एनसीएए (इकडच्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना) ची आणि एनआयटी अशा बास्केटबॉलच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. गरीब घरातली, स्थलांतरितांची, काळी पोरं, अख्खं शहर नाचलं होतं. पुढच्याच वर्षी त्यातले पकडले गेले. पुढे सात कॉलेजांतले बत्तीसेक खेळाडू निघाले, केंटकी विद्यापीठाला १९५२-५३ चा आख्खा सीझन बंद ठेवावा लागला.

पण हे सगळं बाहेर कसं आलं ते ऐका. मॅनहॅटन कॉलेजमध्ये जुनियस केलॉग नावाचा पोरगा होता, त्या कॉलेजच्या टीममधला पहिला काळा खेळाडू, घरची गरिबी, शिकता शिकता एका दुकानात तासावर काम करायचा. त्याला १,००० डॉलरची ऑफर आली. आणि आणली कोणी? त्याच कॉलेजच्या आदल्या वर्षीच्या कॅप्टनने. दादाच म्हणा की. केलॉग सरळ कोचकडे गेला, कोच पोलिसांकडे, आणि पोलिसांनी पोराला सांगितलं की तू हो म्हण, बाकी आम्ही बघतो. अंगावर रेकॉर्डिंगचं यंत्र लावून पाठवला त्याला. त्या मॅचला बिचारा इतका घाबरला होता की काही न ठरवताच वाईट खेळला, आणि टीम तरीही जिंकली. तिथून जो धागा ओढला गेला तो पार सिटी कॉलेजपर्यंत.

आणि नुसती खबर दिली, त्यात काय, असं पोराला वाटत असेल तर अलाबामाचं प्रकरण दाखवा. २०२३ ची गोष्ट. अलाबामा विद्यापीठाचा बेसबॉल कोच ब्रॅड बोहॅनन. त्याने मॅच विकली नाही की कोणाला हर म्हणून सांगितलं नाही. आपला सुरुवातीचा पिचर (म्हणजे बॉल टाकणारा) आज खेळणार नाही एवढं एका माणसाला मेसेज करून कळवलं. तो माणूस ओहायोत सट्ट्याच्या काउंटरवर उभा राहून अलाबामाच्या विरुद्ध एक लाख डॉलर लावायला बघत होता. काउंटरवाल्यांना संशय आला. आठवड्याच्या आत कोचची नोकरी गेली आणि पुढे एनसीएएने त्याच्यावर १५ वर्षांचे निर्बंध टाकले. अमक्याचा गुडघा बरा झाला का, हा मेसेज आणि तो मेसेज ह्यात मला तरी फरक दिसत नाही.

बावखोल

आमच्या वेळाक मॅच जिकलो की दोन कोंबडे आणि वर सरपंचाचा भाषान. भाषान ऐकूचा लागात म्हणान काय जण मुद्दाम फायनल हरत, ती फिक्सिंग धरतत काय ता सांगा 😀

मस्करी जावंदे. झिलाक सांगा पैशे परत दी, आणि ते जीपेनच दी, हातात देव नको. पुरावो रवता.

निदानरेषा

मी पंच आहे, जिल्ह्यातल्या स्पर्धा करतो, म्हणून बोलतोय. सुपारीबागला वाटतंय तसं नाहीये आता. गेल्या दोन-तीन सीझनला मैदानाच्या कडेला काही चेहरे दिसतात, कुठल्याच वाडीचे नाहीत, कोणाचे पाव्हणे नाहीत. स्कोररच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसायचं, कानात इअरफोन, आणि पॉइंट झाला की हळूच काहीतरी बोलायचं. यूट्यूबवर चित्र काही सेकंद उशिरा पोचतं, मैदानावरून फोन आधी पोचतो. त्या काही सेकंदांत पुढे कोणीतरी भाव पकडत असणार, दुसरं काय. एकाला मी उठवला तर मंडळाचेच लोक माझ्यावर आले की पाव्हण्याला का उठवलं, त्यांनी बक्षिसाला देणगी दिलीय.

आता कबड्डीत दहाच्या आत जिंकणं किती सोपं आहे ते सांगतो. १४ चा लीड आहे, शेवटची पाच मिनिटं. चढाईला गेलास, निदान रेषा ओलांडलीस, तीस सेकंद फिरून परत आलास, कोणी काही म्हणत नाही, उलट प्रेक्षक म्हणतात शहाणा आहे, वेळ काढतोय. दोन रिकाम्या झाल्या की तिसरी करो या मरो (पॉइंट नाही आणला तर बाद), तिथे जरा आत जाऊन पकडला गेलास, एक पॉइंट त्यांना. मग कॉर्नरला उभा असताना घोटा धरायला अर्धा सेकंद उशीर, दोन गडी गेले. लोण (अख्खी टीम बाद) बसायची वेळ आली की झालंच, लोणाचे दोन वेगळे. चौदाचे आठ व्हायला काही लागत नाही आणि मी दोन हातांवर उभा राहून बघत असलो तरी शपथेवर सांगू शकणार नाही की पोरगा दमला होता का विकला गेला होता. म्हणून लेफ्ट कॉर्नर आणि रेडर एकाच पोरात असला की तो त्यांना पहिला हवा असतो. तुमच्या भाच्याला उगाच नाही निवडला.

आणि एक, ही मंडळी पहिल्या दिवशी मॅच मागत नाहीत. आधी बूट, मग खबर, मग दहाच्या आत. तुम्ही तिसऱ्या पायरीवर आहात. चौथ्या पायरीला ते मागत नाहीत, जुने मेसेज दाखवतात.

चिपळूणचा_वकील

फुकटचा सल्ला आहे, फुकटाइतकाच धरा.

मॅच फिक्सिंग म्हणून वेगळा गुन्हा आपल्याकडे कायद्यात नाही. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात कर्नाटक हायकोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलं की ही ४२० कलमाखालची फसवणूक होत नाही, शिस्तभंग आहे, बोर्डाने बघावं. हे ऐकून पोरगा उड्या मारेल, मारू देऊ नका. श्रीशांतला २०१३ च्या मे महिन्यात आयपीएलच्या स्पॉट फिक्सिंगमध्ये पकडला, २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने आरोपातून सोडला, तरी बंदी काही उठली नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन आजन्मची सात वर्षांवर आली आणि २०२० ला संपली. कोर्टातून सुटला, पण खेळायचं वय गेलं ते गेलंच.

सट्टा चालवणं हा मात्र आपल्याकडे १८८७ पासून गुन्हा आहेच. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला, ज्याच्यामुळे ड्रीम इलेव्हनला पैशांचे कॉन्टेस्ट बंद करायला लागले आणि भारतीय टीमच्या जर्सीवरून पण ते गेले. त्या कायद्यात नुसता खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण पैशांचा गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, आणि त्याचे पैसे फिरवून देणाऱ्यालाही तेवढंच. हे शेवटचं वाक्य परत वाचा. कारण कॉलेजच्या पोरांकडे खबरीच्या खालोखाल दुसरी कामाची गोष्ट असते ती म्हणजे बँकेचं खातं. आज बूट, उद्या "तुझ्या खात्यावर वीस हजार येतील ते अमक्याला पाठव". माझ्याकडे अशा पोरांचे आई-बाप येतात. कुठल्या तरी तिसऱ्याच राज्यात कोणी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलेली असते, पैसे ह्याच्या खात्यातून गेलेले दिसतात, खातं गोठतं, आणि त्याच खात्यावर स्कॉलरशिप येत असते. मग इथून त्या राज्याच्या सायबर सेलला फोन लावत बसा.

तेव्हा पहिलं विचारा, ३,००० सोडून दुसरं काही त्या खात्यावरून फिरलंय का.

खोखोवाली

सगळे पोराला उपदेश करतायत म्हणून दुसरी बाजू. मी युनिव्हर्सिटीपर्यंत खो-खो खेळलेली आहे. झोनलला जायला पहाटेची लालपरी, दिवसभर एक वडापाव आणि एक केळं, टीए-डीए कधी तरी मार्चमध्ये मिळणार तो पण सही करून कमी. बूट आपले आपण. जिंकून आलो की बातमीत प्राचार्यांचा फोटो मोठा. अशा पोराला कोणीतरी पहिल्यांदा विचारतो की तुझे बूट फाटलेत का. तो माणूस बुकीचा असतो हे नंतर कळतं. तेव्हा आधी बुटाचं कॉलेजने बघावं आणि मग नीतिमत्ता शिकवावी.

आणि तरीपण पोराने हे करू नये, त्याचं कारण मी सांगते ते नीतीचं नाही. आपल्या महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, कोकणातल्या निम्म्या कबड्डीवाल्या पोरांचं सगळं गणित त्यावर बेतलेलं. ते सर्टिफिकेट पडताळणीला जातं. तिथे कोणी एक कागद जोडला की संपलं. ३,००० च्या बुटासाठी पोलीस भरती घालवणार का एवढंच विचारा त्याला.

देवरुखकर_जर्सी

खोखोवाली, बुटाचं शंभर टक्के मान्य. पण पैसे दिले की हे थांबतं असं इकडचा अनुभव तरी सांगत नाही. इकडे २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घेता येतात, आणि २०२५ पासून कॉलेजं स्वतः पण कमाईतला वाटा देऊ शकतात. तरी त्याच २०२५ च्या सप्टेंबरात फ्रेस्नो स्टेट आणि सॅन होजे स्टेटचे तीन बास्केटबॉल खेळाडू एनसीएएने कायमचे बाद केले, स्वतःच्याच मॅचच्या आकड्यांवर सट्टा लावल्याबद्दल आणि खेळ मुद्दाम बिघडवल्याबद्दल. मोठे स्टार लाखांत कमावतात, बेंचवरच्याला काय मिळतं? बुकी बेंचकडेच बघतो.

उधारी पण असते. १९९४ ला अॅरिझोना स्टेटचा स्टीव्हिन स्मिथ, टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू, कॉलेजातल्याच एका विद्यार्थी बुकीचे १०,००० डॉलर देणं झालं होतं त्याचं. कर्ज फेडायला मॅच दिल्या. त्यातल्या एका मॅचला त्याने स्वतः ३९ पॉइंट मारले! लोक टाळ्या वाजवतायत, आणि हा दुसऱ्या टोकाला आपल्या माणसाला मोकळं सोडतोय, टीम जिंकली पण ठरल्या फरकाच्या आत. निदानरेषा म्हणतात ते अगदी खरं, कोण शपथेवर सांगणार. शेवटी पकडला कशावरून, तर लास व्हेगासला एका मॅचवर अचानक नको तेवढे पैसे यायला लागले म्हणून.

सुपारीबाग

बघा म्हणजे कायदेशीर सट्टा होता म्हणून पकडला गेला. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीने पण तेच सांगितलं होतं की क्रिकेटचा सट्टा कायदेशीर करा. आपण मात्र बंदी घालत बसलोय. बंदी घातली की मटका बंद झाला का कोकणात? टपरीवर जाऊन बघा.

देवरुखकर_जर्सी

अर्धं बरोबर. मी ज्या न्यू जर्सीत राहतो त्याच राज्याने एनसीएएविरुद्धची केस सुप्रीम कोर्टात जिंकली, मे २०१८ ला, आणि राज्याराज्यांत सट्टा उघडा झाला. अलाबामाचा कोच सापडला तो काउंटरवरच्या माणसामुळे, हे खरं. पण आता प्रत्येकाच्या खिशात काउंटर आहे. टीमवर नाही, एकेका पोरावर लावतात, हा आज किती रिबाउंड घेईल, किती पॉइंट मारेल. एकोणीस वर्षांच्या पोराने फ्री थ्रो चुकवला की रात्री अनोळखी लोकांच्या शिव्या, धमक्या फोनवर. एनसीएएचा अध्यक्ष स्वतः राज्यांकडे मागणी करतोय की कॉलेजच्या एकेका खेळाडूवरचा सट्टा बंद करा. म्हणजे चोर पकडायची सोय झाली आणि चोरांची संख्या पण वाढली, असं मला दिसतं. भारताने काय करावं ते मी इथे बसून सांगत नाही.

मिऱ्याबंदर

सगळ्यांचे आभार. काल ताईला सांगितलं. ताई रडली नाही, ओरडली पण नाही, गप्प उठून बूट अंगणात नेऊन ठेवले, भावोजी बंदरावरून आल्यावर मग जे व्हायचं ते झालं. ३,००० परत केले जीपेवरून, मेसेजमध्ये "बुटांचे परत" असं लिहून. खात्यावरून दुसरं काही फिरलेलं नाही, पासबुक काढून बघितलं.

दादाचा लगेच फोन. रागावला नाही, उलट गोड बोलला, अरे मी घरचाच माणूस, तू मनाला लावून घेतलंस. आणि मग म्हणे तुझ्याशिवाय अजून दोघं आहेत टीममध्ये, त्यांना काही वाटत नाही, तुलाच कसं वाटतं.

आता खरी अडचण ही आहे. पोरगा म्हणतो मी करणार नाही, पण त्या दोघांची नावं सांगणार नाही, टीममध्ये चोमडा म्हणतील, मॅटवर पकड सोडतील माझी. मला त्याचं पटतं पण आणि नाही पण.

खोखोवाली

नावं नका सांगू. पण आपल्याला ऑफर आली होती एवढं तरी लेखी गेलं पाहिजे. गप्प बसणं पण क्रिकेटमध्ये गुन्हाच धरतात, शाकिब अल हसनने काही फिक्स केलं नव्हतं, बुकीचे मेसेज आलेले सांगितले नाहीत म्हणून २०१९ ला दोन वर्षांची बंदी, त्यातलं एक वर्ष स्थगित. कबड्डीत कोण विचारतंय म्हणाल, पण उद्या त्या दोघांपैकी एक सापडला तर पहिलं नाव तुमच्या भाच्याचं घेईल, कारण पैसे परत केलेला तोच एकटा.

आणि सरांना नको असेल तर प्राचार्यांना द्या. पोराने नाही, आई-वडिलांच्या सहीने.

निदानरेषा

आणि त्या मॅचला पोराला खेळू दे, दुखापतीचं नाटक करून घरी बसवू नका. बसला तर ती पण खबरच झाली, दादाला तेवढी पण पुरेल. कुठली स्पर्धा ते मला व्यनित (खाजगी मेसेजमध्ये) कळवा, त्या दिवशी पंच कोण आहेत बघतो आणि स्कोररच्या टेबलाजवळ मंडळाबाहेरचं कोणी बसणार नाही एवढं माझ्याकडे लागलं.

चिपळूणचा_वकील

अर्ज दोन प्रतीत द्या, एकीवर कॉलेजचा आवक शिक्का आणि तारीख घेऊन परत आणा, शिक्का मारत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोराने रागाच्या भरात दादाला ब्लॉक करून चॅट उडवलं नसेल ही आशा. उडवलं नसेल तर आज रात्रीच सगळं चॅट एक्सपोर्ट करून भावोजींच्या मेलवर टाका, जीपेच्या दोन्ही एंट्रीचे स्क्रीनशॉट सकट, आणि पोराचा फोन बदलायचा विचार असेल तर तो सध्या बाजूला ठेवा.